अख्खा भोपळा घरी आला तर : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या, दोघांत एक खोली करून राहणाऱ्या आणि इंदापूर तालुक्यातल्या गावाहून एसटीने आलेला डांगर भोपळा पाहून हबकलेल्या मंडळींसाठी हे मार्गदर्शन आहे. मंडईत भोपळा फोडीवर मिळतो. अख्खा भोपळा मायेपोटी पाठवलेला असतो, त्यामुळे तो परत करायची सोय नाही.

१. थांबा. देठ शाबूत असलेला पिकला भोपळा कोरड्या, हवेशीर कोपऱ्यात दोन-तीन महिने सहज टिकतो. तेवढ्या काळात त्याच्याकडे बघायचं टाळा. गावाहून "चिरला का रं?" असा फोन आला की ही पायरी संपली.

२. चिरा. अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी पुरुषाने चालवायची, अशी आपल्याकडची रीत. साल कोणी काढायची, फोडी कोणी करायच्या, विळी कोणी धुवायची, याबद्दल मात्र रीत गप्प आहे. त्या मौनाचा फायदा घ्या : ज्याने पहिला घाव घातला त्यालाच पुढचं सगळं करू द्या. भोपळा घरंगळू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा.

३. आतला रेशाळ भाग आणि बिया लगेच काढा, कारण नासायला सुरुवात तिथूनच होते. बिया धुऊन वाळवा, तव्यावर भाजा आणि टीव्हीसमोर सोलत बसा. फोडी फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतील. भोपळा त्याहून मोठा आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

४. भाजी आणि भरीत. तेलात मेथीदाणे, सुकी मिरची, हिंग; वर फोडी, मीठ, गुळाचा खडा. पाणी घालू नका, भोपळा स्वतःचं आणतो. दुसऱ्या दिवशी उकडून दही घाला, वरून तूप-जिऱ्याची फोडणी आणि दाण्याचं कूट : भरीत तयार, उपवासालाही चालतं. तिसऱ्या दिवशी घरात सगळ्यांनाच अचानक उपवास नसतो.

५. घारगे. इथे भोपळ्याची अब्रू परत येते. दोन वाट्या कीस, एक वाटी गूळ एकत्र शिजवा. नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात राहून गूळ हात राखून घालणं शोभत नाही. मिश्रण गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, दोन चमचे तांदळाची पिठी, मीठ, जायफळ घाला. पाणी नाही. जाडसर थापा, खसखस लावा, मंद आचेवर तळा.

६. केक. ओव्हन नसेल तर कुकर घ्या. शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, वर जाळी ठेवून दहा मिनिटं तापवा. उकडलेला गर कढईत परतून कोरडा करा. नवशिक्यांचा केक मध्ये बसतो तो याच पाण्यामुळे. एक वाटी गर, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी तेल, दीड वाटी कणीक, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. मंद आचेवर पाऊण तास.

न्यू जर्सीतला चुलतभाऊ ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचा कोरीव भोपळा वापरायचा म्हणाला, तर सांगा : कोरताना निघालेला गर त्याच दिवशी शिजव. तो भोपळा आकारासाठी वाढवलेला, म्हणून पाणचट आणि रेशाळ. गूळ जास्त लागेल. रात्रभर मेणबत्ती पोटात घेऊन अंगणात बसलेला मात्र थेट खतात. आयर्लंडमध्ये पूर्वी यासाठी सलगम कोरत. सलगम निदान एका जेवणात संपतो.

७. वाटा. खरी कृती हीच, वरच्या सगळ्या पूर्वतयारी. गावाकडे भोपळा चिरला की शेजारी फोडी जातात. चार दारांत गेल्यावरच तो संपतो. तुमच्या इमारतीत कोणाची ओळख नसेल तर बेल वाजवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही. फोड द्या, घारगे असतील तर तेही द्या.

इशारा : उरलेल्या बिया सोसायटीच्या कुंपणापाशी फेकू नका. पावसाळ्यात वेल भिंतीवर चढेल, आणि मग अख्खे भोपळे पाठवणारे तुम्ही असाल.