परतीचे काका

प्रत्येक सोसायटीत एक फायलीवाले काका असतात. निवृत्त, बहुधा सरकारी खात्यातून, आणि स्वतः परदेशी अजून न गेलेले. पण इमारतीतलं कुणीही परदेशी निघालं की आधी काकांच्या घरून क्लिअरन्स घ्यावा लागतो. जाण्याचं तिकीट दाखवलं की काकांचा चष्मा कपाळावर जातो. "हे कळलं रे. निघणार कधी तिथून?"

हा प्रश्न आपण घरी आलेल्या पाहुण्याला जिभेवर येऊनही विचारत नाही. उलट "राहा की अजून दोन दिवस" म्हणतो आणि बायकोची नजर चुकवतो. जगभरच्या इमिग्रेशनवाल्यांनी ही भीड सोडली म्हणूनच ते देश पुढे गेले, असं काकांचं प्रामाणिक मत आहे. त्यांच्याकडे नागपूरचा भाचा आला, तर चप्पल काढता काढताच त्याला विदर्भ एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन कन्फर्म आहे का ते सांगावं लागतं.

अशा काकांच्या वाट्याला कधी तरी तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा येतोच. नोकरी सोडलेला, पाठीवर सॅक, हातात बँकॉकचं एकेरी तिकीट. पुढचं काय? "बघू. बसनं पुढच्या देशात जाईन." वर तोच काकांना ऐकवतो, की २०२४च्या जुलैत थायलंडनं आपल्याला व्हिसाशिवाय ६० दिवसांची मुभा दिली.

"व्हिसा माफ झाला. तिकीट नाही," काका म्हणतात आणि खुर्ची पुढे ओढतात. आता सुटका नाही. अडवणारा माणूस बँकॉकला नसतो, तो मुंबईतच चेक-इन काउंटरवर असतो. तिकडे प्रवेश नाकारला, तर प्रवाशाला परत आणायचं विमान कंपनीनं, आणि कागद अपुरे निघाले तर वर दंडही तिलाच. ब्रिटन एका प्रवाशामागे २,००० पौंडांपर्यंत लावतं. आपल्याकडे २०००च्या कायद्यात एक लाख रुपये होते. म्हणून काउंटरवरची मुलगी 'टिमॅटिक' नावाच्या यंत्रणेत त्या त्या देशाचे नियम पाहते. टिमॅटिक हे नाव काका कुलदैवताचं घ्यावं तसं घेतात.

मुलगा हसतो, जातो, आणि मध्यरात्री विमानतळावरून त्याचा फोन येतो. काका जागे असतात. खरं तर वाटच पाहत असतात. क्वालालंपूरचं स्वस्तातलं तिकीट त्यांनी संध्याकाळीच शोधून ठेवलेलं असतं.

"पण काका, मला मलेशियाला जायचंच नाहीये!"

"जा कोण म्हणतंय? थायलंडमधून बाहेर पडणारं तिकीट हवं. घरीच यायला हवं असं काही नाही. तुझ्या आईला हे सांगू नकोस."

मागून मित्र सुचवतो, की पीडीएफमध्ये नाव बदलून आत्ता पाच मिनिटांत देतो. काकांचा आवाज चढतो. तात्पुरतं आरक्षण वेगळं, बनावट कागद वेगळा; पहिल्याला मुदत असते, दुसऱ्याला कलम!

मग एक दिवस मुलगी काकांनाच न्यू जर्सीला बोलावते. त्यांच्या व्हिजिटर व्हिसाला परतीचं तिकीट हवंच, असा अमेरिकेचा नियम नाही. पण काकांचा स्वतःचा आहे. फायलीत तिकीट तीन प्रतींत, पेन्शनची स्लिप, घरपट्टीची पावती, शिवाय सोसायटीचा नो ड्यूज दाखला. मी परत जाणारा माणूस आहे, हे सिद्ध करायला आणखी काय लागतं?

नेवार्कचा अधिकारी फाइल उघडतच नाही. किती दिवस राहणार, एवढंच विचारतो. काका फाइल पुढे सरकवत "तीन महिने" म्हणतात. तो फाइल मागे सरकवतो आणि सहा महिने देऊन टाकतो. एवढा मोठा देश, आणि असा ढिसाळ कारभार! गाडीत काका कुणाशी बोलत नाहीत.

घरी पोचल्यावर चहा देता देता जावई हळूच विचारतो, "बाबा, रिटर्न तिकीट कन्फर्म आहे ना?" एक प्रत मागून घेतो, तारीख दोनदा वाचतो आणि कागद फ्रिजवर लोहचुंबकानं लावून ठेवतो.

लग्नाला आठ वर्षं झाली, पण जावई काकांना त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून आवडतो.