काय दाबलंत?

तुमच्याही सोसायटीत ते असतीलच. मजला वेगळा असेल, आडनाव वेगळं असेल. पण कुणाच्या घरच्या कम्प्युटरवर नको ती खिडकी उघडली की चपला दाराबाहेर नीट जुळवून आत येणारे आणि आपण ‘बसा’ म्हणायच्या आत आपल्याच खुर्चीत बसलेले असे एक काका प्रत्येक बिल्डिंगच्या नशिबी असतात. आमच्याकडच्या काकांना पोरं ‘दाबलंतकाका’ म्हणतात. कारण घरात पाऊल टाकल्यावर नमस्कार नाही, पाणी नाही. पडद्याकडे तर ते बघतही नाहीत. आपल्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, “काय दाबलंत?”

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे. “काहीच नाही हो. आपोआप आलं.”

“आपोआप?” काका चष्मा पुसतात. “वीज मंडळात नोकरी झाली माझी. आपोआप फ्यूजसुद्धा उडत नाही. काय दाबलंत?”

मग पिशवी उघडते. पिशवीत एक पिवळं फडकं, स्वतःचा वायरवाला माउस (दुसऱ्याच्या माउसवर त्यांचा विश्वास नाही) आणि एक लांबट वही. वहीत पट्टीने आखलेले रकाने : तारीख, फ्लॅट नंबर, तक्रार, काय दाबले, उपाय. ‘काय दाबले’ या रकान्यात सगळ्यात वर ‘काहीच नाही’ आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. पुढच्या पानावर पुन्हा तेच. “हे आपल्या बिल्डिंगचं चारित्र्य,” असं म्हणून ते ही वही कुणालाही दाखवतात.

उपाय करायला त्यांना पाच मिनिटं पुरतात. चौकशी तासभर चालते. खिडकीवरचा मजकूर ते अथपासून इतिपर्यंत मोठ्यांदा वाचतात. “‘अभिनंदन! आपण आजचे भाग्यवान विजेते आहात.’ कोण विजेते? तुम्ही? कशात भाग घेतला होतात?” आपण मान खाली घालतो. “‘बक्षिसाचा फोन मिळवण्यासाठी इथे दाबा.’ दाबलंत?” स्वयंपाकघरातून कुणीतरी फिस्सकन हसतं. मग काका कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवतात. “बंद करायला ही दाबलीत ना? ही फुली नाहीच. हे फुलीचं चित्र आहे. चौकटीत कुठेही हात लावा, आतच जाल.” खरी खिडकी घालवायची तर कीबोर्डवर ऑल्ट आणि एफ-फोर एकदम दाबायचं, हे ते सांगतात, दाखवतात आणि आपल्याकडून करून घेतात. तेवढ्यात त्यांचा बिनसाखरेचा चहा येतो, तो ते गार करून पितात आणि तोवर चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

तळमजल्यावरच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजी ऐन वेळी आले नाहीत, म्हणून यजमानांनी कथा लॅपटॉपवरून टीव्हीवर लावली. चौथा अध्याय, साधुवाण्याची नौका, सगळे हात जोडून बसलेले, आणि उजव्या कोपऱ्यातून एक चौकट वर सरकली : ‘तुमच्या परिसरातल्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत.’ खोलीत नुसती उदबत्ती जळत होती. कुणी काही बोललं नसतं, कथा पुढे गेली असती. पण शेवटच्या रांगेतून आवाज आला, “काय दाबलंत?”

यजमान सोवळ्यात होते, म्हणून नुसतेच लाल झाले. यजमानीणबाईंनी चौकटीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी तिथेच, जोडलेले हात सोडून, खटला चालवला. तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे ‘सूचना पाठवायला परवानगी असलेल्या साइट’ अशी यादी निघाली. सोन्याचा भाव सांगणारी एक, उखाण्यांची एक, दहावीच्या निकालाची एक, आणि एक रशियन अक्षरांतली. “हे रशियन कुणाकडे असतं?” काकांनी जमलेल्या मंडळींना विचारलं. शेवटी गुन्हेगार सापडला. एकट्या स्त्रिया पूजासाहित्याची यादी देणाऱ्या साइटवरून आल्या होत्या, आणि तिला परवानगी खुद्द यजमानीणबाईंनी दिली होती. यजमानांची अब्रू परत मिळाली. आरतीला मात्र उशीर झाला.

परतताना काकांनी जिन्यात सगळ्यांना थांबवून समजावलं. पूर्वीची खिडकी चोरून यायची, तिला ब्राउझर अडवतो. हल्लीची विचारून येते. ‘सूचना पाठवू का?’ असं ती विचारते आणि मधली चौकट एकदाची बाजूला व्हावी म्हणून आपण ‘अलाउ’ दाबतो. मग ब्राउझर कशाला अडवेल? आपणच हो म्हटलेलं असतं. “काही साइट तर लिहितात, ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.’ आणि माणसं सिद्ध करतात! यंत्रमानवाने निदान वाचलं तरी असतं.”

काकांचं हे वैर जुनं आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. काकांच्या घरी ते विंडोज ९८ बरोबर आलं, टेलिफोनच्या वायरीतून, किंचाळत. फोन गुंतलेला, बिल चालू, आणि एक पान उघडायला जावं तर जाहिरातीच्या तीन खिडक्या. त्या एकेक करून मिटवाव्यात तर काही पानाच्या मागे दडून बसायच्या आणि सगळं आवरल्यावर सापडायच्या. मग ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक टू आला आणि इंटरनेट एक्सप्लोररला अशा खिडक्या अडवण्याची सोय मिळाली. १९८३ च्या वर्ल्ड कपच्या खालोखाल काका या घटनेला मान देतात. दरम्यान सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी बंधनकारक झालं, म्हणून काकांनीही ती परीक्षा हौसेने दिली. ते प्रमाणपत्र त्यांच्या दिवाणखान्यात आईवडिलांच्या फोटोच्या रांगेत टांगलेलं आहे.

जाहिरातीच्या या खिडकीचा कोड पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले एथन झुकरमन. १९९० च्या दशकात ते ट्रायपॉड नावाच्या साइटवर कामाला होते. एका मोटार कंपनीची जाहिरात कुठल्याशा अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. तेव्हा जाहिरात पानापासून वेगळी, स्वतःच्या खिडकीत दाखवायची युक्ती त्यांनी काढली. २०१४ मध्ये त्यांनी ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून जगाची माफी मागितली. हे वाचल्यावर काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “हा एकटा माणूस निघाला, ज्याने काय दाबलं ते कबूल केलं.”

इथवर ठीक होतं. पण प्रश्न कम्प्युटरपुरता राहिला नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आतली माणसं घामाघूम, आणि वरच्या फटीतून धीर देणारा आवाज यावा तर तो विचारतो, “काय दाबलंत?” डॉक्टर त्यांचं पोट तपासत होते; ‘इथे दुखतं का?’ यावर काका कळवळून म्हणाले, “काय दाबलंत?” लोकसभेच्या मतदानाला शाळेच्या फाटकाशी उभं राहून ते बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारत होते. त्यांना यंत्राचा दिवा लागला की नाही एवढंच हवं होतं. पोलिसाला तो गुप्त मतदानाचा भंग वाटला. त्याने काकांना दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. तिथूनही ते खुणेने विचारत होते.

अशात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न्स’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला चकवून हो म्हणायला लावणाऱ्या युक्त्यांचे १३ प्रकार त्यात दिलेत. काकांच्या हाती हे म्हणजे कोलीतच. त्यांनी प्रिंट काढली आणि पिशवीत घातली. साडीच्या दुकानात ‘शेवटचे दोनच पीस’ ऐकलं की, “खोटी घाई. यादीत पहिलीच.” मावशींनी अजून एक लाडू घ्या म्हणून आग्रह केला आणि काका नको म्हणाले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “बरोबर आहे, आमच्या हातचं तुम्हाला कसं आवडेल!” काकांनी कागद काढला. “कन्फर्म शेमिंग. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटायला लावणे.” मेंटेनन्सची आठवण करून देणारे सेक्रेटरींचे रोजचे मेसेज त्यांनी ‘नॅगिंग’मध्ये टाकले आणि तसं ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतात.

हल्ली त्यांना बोलावणी कमी येतात. घराघरातली मुलं बॉस्टनला नाहीतर मेलबर्नला आहेत आणि तिथूनच इकडचा पडदा हाताळतात. आईबाबा हात मांडीवर ठेवून बसतात, बाण आपला आपण फिरतो, खिडक्या मिटतात. काम चोख होतं. मुलं काही विचारत नाहीत, सुस्कारा टाकतात. “आई, तुला किती वेळा सांगितलं.” तो सुस्कारा ऐकला, की काकांचा प्रश्न त्या मानाने बरा वाटू लागतो. प्रश्नाला निदान उत्तराची अपेक्षा तरी असते.

एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझं दार वाजवलं. हातात फोन, चेहरा पांढराफटक. वर जाऊन पाहिलं तर अख्खा पडदा लाल, इंग्रजीत एक बाई बजावून सांगत होती की कम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, बँकेची माहिती धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा. आजींनी निम्मे आकडे दाबले होते. आजोबांची पेन्शन त्याच खात्यात. मी काकांना हाक मारली आणि लगेच मनात धस्स झालं. आता ते आजींना विचारणार.

काका आले. त्यांनी आधी आजींच्या हातातला फोन अलगद काढून टेबलावर पालथा ठेवला. मग आवाज बंद केला. एस्केपचं बटण दाबून धरलं, तसा लाल पडदा आक्रसून साध्या खिडकीएवढा झाला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून यादी उघडली, ब्राउझरवर जाऊन ‘एंड टास्क’ केलं. पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ या प्रश्नाला नाही म्हटलं. मागे पंढरपूरच्या विठोबाचा वॉलपेपर दिसला. आजींनी डोळ्यांना पदर लावला. “मी ना, भजनाची चाल शोधत होते, तर मग मी तिथे…”

“आजी,” काका मधेच म्हणाले, “हे आपोआप येतं. सगळ्यांकडे येतं. परवा माझ्याकडे आलं होतं.”

आयुष्यभर फ्यूजलाही ‘आपोआप’ची सूट न देणारा हा माणूस धडधडीत खोटं बोलला. वही काढून त्याने तारीख, फ्लॅट, तक्रार लिहिली आणि ‘काय दाबले’च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘आपोआप’.

जिन्यात मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “बघता काय?” ते खेकसले. “लाज वाटली तर पुढच्या वेळी हाक मारणार नाहीत. एकट्या बसून उरलेले आकडे दाबतील. तुम्हाला विचारतो, कारण तुम्हाला लाज वाटत नाही.” या माणसाबद्दल चांगलं लिहायला बसलं तरी तो लिहू देत नाही. तरी लिहितो : एवढ्या बिल्डिंगमध्ये कुणाला काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी नोटीस बोर्डावर कागद लावला. ठळक अक्षरात : कुठलीही खरी कंपनी पडद्यावर फोन नंबर दाखवून घाबरवत नाही. नंबर फिरवू नये. कुणाला आपल्या कम्प्युटरचा ताबा देऊ नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. ‘अलाउ’ दाबण्यापूर्वी वाचावं. खाली सही, फ्लॅट नंबर आणि ‘वेळी-अवेळी चालेल’.

संध्याकाळी त्यावर बरोबर मध्यभागी ‘घरगुती डबा मिळेल’ची जाहिरात चिकटवलेली होती. खाली फक्त ‘चालेल’ दिसत होतं. काकांनी पिवळं फडकं ओलं करून ती कडेने सोडवली, तिच्यावरचा नंबर फिरवला आणि डबेवाल्या मुलाची पाऊण तास उलटतपासणी घेतली. मुलगा बिचारा सांगत होता की सोसायटीची परवानगी घेतली आहे, सेक्रेटरीसाहेबांना विचारूनच लावली. काकांनी सेक्रेटरींना खाली बोलावलं.

“मी कुठे काय केलं?” सेक्रेटरी म्हणाले. “मी फोनवर होतो. तो काहीतरी विचारत होता, जाईना, म्हणून आपलं हो म्हटलं.”

काका वही आणायला वर गेले आहेत.