दहीहांडा ते दहीबाव

मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळिशीच्या पुढे आणि स्टाफरूमच्या कूलरमधलं पाणी संपलेलं. अशा वेळी अकोल्याच्या प्राध्यापकांकडून जे ठराव पास होतात, ते डिसेंबरात कुणी मांडायलासुद्धा धजणार नाही. "औंदाचं चर्चासत्र समुद्रावर घेऊ," एक सर म्हणाले. समिती आमची पाच जणांची. पाचही हात वर गेले. विषय काय, हे कुणी विचारलं नाही. विषयाला अख्खा पावसाळा पडला होता.

आधी गाव ठरवायचं होतं. अलिबाग मुंबईकरांचं म्हणून गेलं. दापोलीचं नाव निघालं, पण तिथे कृषी विद्यापीठ आहे आणि ते तर अकोल्यातही आहे. "विद्यापीठातून उठून विद्यापीठातच कायले जाचं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उरलं मालवण. मालवणच्या बाजूनं मी एक दाखला दिला आणि अजूनही मला त्याचा अभिमान आहे. १९१२ साली साहित्य संमेलन आमच्या अकोल्यात भरलं, तेव्हा अध्यक्ष होते हरि नारायण आपटे. पुढे १९५८ साली ते मालवणला भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते कवी अनिल, म्हणजे आमच्याच मूर्तिजापुरात जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे. तेव्हा कोकण रेल्वेचा पत्ताही नव्हता. तशा काळात आपला माणूस तिथे जाऊन अध्यक्षीय भाषण करून आला आणि आपण साधं चर्चासत्र घेऊ शकत नाही? सगळे गहिवरले. गहिवरात उन्हाचा वाटा किती होता, ते सांगता येत नाही.

मालवणचा आणखी एक फायदा हिशेब ठेवणाऱ्या बाबूंनी दाखवला. गोवा जवळ. तिथून एक वक्ता आणला की चर्चासत्र 'राष्ट्रीय' होतं. अकोल्यात घेतलं असतं तर बऱ्हाणपूरहून आणावा लागला असता.

मग तारखा. जून ते ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, आणि किल्ला नसेल तर मालवण कशाला? पुढे गणपती, मग सत्र परीक्षा, मग दिवाळी. डिसेंबरात लॉजवाले जो भाव सांगतात, त्यात अकोल्यात एक बारसं होतं. मार्चात परत परीक्षा. शेवटी जानेवारीतले दोन दिवस सापडले, तेही शुक्रवार-शनिवार, म्हणजे रविवार आपोआप चिकटतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी अकोल्यावरून जाते. संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी. प्राचार्यांना एकच धास्ती होती. समुद्र म्हटलं की वरच्यांना सहलीचा वास येतो. म्हणून अर्जातून 'समुद्र' हा शब्द काढला. होडीच्या तिकिटांना 'क्षेत्रभेट' म्हटलं. सोलकढीला काय म्हणायचं, यावर एक बैठक गेली.

विषय मात्र अजून नव्हता. मराठी विभागाला तशी याची चिंता नसते. कुठल्याही नामापुढे 'साहित्य, समाज आणि संस्कृती' जोडलं की पत्रिका छापायला देता येते. आम्हाला फक्त ते नाम हवं होतं.

ते घरी मिळालं. रात्री जेवताना आईला मालवणचं सांगत होतो. तिचं माहेर दहीहांड्याच्या बाजूचं, म्हणजे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. तिनं विचारलं, "तिथी जाऊन पाहाचं काय? खारं पानीच ना?"

"हो."

"मंग ते त माया माहेरी बी हाय. फुकट."

ती चेष्टा करत नव्हती. त्या पट्ट्यात विहीर खणली तरी खारं आणि बोअर मारलं तरी खारं. साबणाला फेस येत नाही. पितळी गुंडाला आतून पांढरा थर धरतो, तो चिंचेनं घासला तरी पुरता जात नाही. लहानपणी मामाच्या घरी चहा प्यायलो की साखरेच्या मागून मीठ यायचं. पाव्हण्यांसाठी गोड पाण्याची घागर वेगळी, झाकून ठेवलेली. त्याच पाण्यानं पुढे किती जणांची मूत्रपिंडं खाल्ली, हे तिकडे घरोघर ठाऊक आहे. म्हातारी माणसं म्हणतात, इथे पूर्वी समुद्र होता. तो गेला आणि मीठ तेवढं ठेवून गेला. १९३० साली मिठाचा कायदा मोडायची वेळ आली, तेव्हा कोकणातल्या सत्याग्रहींना शिरोड्याची मिठागरं होती. आमच्या लोकांनी दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीतलं पाणी काढलं आणि त्याचं मीठ केलं. समुद्रावाचून त्यांचं काही अडलं नाही.

मी आईला किल्ल्याचं सांगितलं. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला, चहूकडून समुद्र, आणि आत तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्हींचं पाणी गोड.

आईचा घास हातातच राहिला. मधोमध समुद्रात गोड आणि समुद्रापासून शेकडो कोस दूर तिच्या बापाच्या वावरात खारं, हा हिशेब तिला पटेना. तिकडची दहीबाव गोड आणि इकडच्या दहीहांड्याची विहीर खारी! बराच वेळ गेल्यावर तिनं विचारलं, "दाय शिजते काय त्या पान्यात? तुरीची?"

दुसऱ्या दिवशी मी समितीपुढे विषय ठेवला : 'विहीर : साहित्य, समाज आणि संस्कृती'. भूगोलवाले लगेच सहआयोजक झाले, रसायनशास्त्राच्या मॅडमनी क्षार मोजायचं यंत्र आणते म्हणून सांगितलं. इतिहासवाल्यांना १९३० हवंच होतं. आमच्या महाविद्यालयाच्या चर्चासत्रांत मी बरीच वर्षं शोधनिबंध वाचतोय, पण कुणाला खरोखर उत्तर हवंय असा प्रश्न पहिल्यांदाच विषयपत्रिकेत गेला. तो आईचा आहे. बीजभाषणानंतर, भरती-ओहोटी बघून, लहान कुकर आणि पावशेर तुरीची डाळ घेऊन किनाऱ्यावर तो सोडवायचं ठरलं आहे. दहीबावीचं पाणी तेवढं किल्ल्यातून बाटलीत आणायचं.

तर मंडळी, निबंध पाठवा. बाराशे शब्दांपेक्षा जास्त नको, जेवणानंतरच्या सत्रात कुणी ऐकत नाही. येताना आपल्या गावच्या विहिरीचं लिटरभर पाणी भरून आणा आणि बाटलीवर गावाचं नाव ठळक लिहा. गाडीत रात्री तहान लागली की सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.