निवांतपणाचं वेळापत्रक

मराठी माणसाला विश्रांती घ्यायची तर आधी तिची तयारी करावी लागते, आणि ती तयारी इतकी दमवते की शेवटी विश्रांतीची खरोखरच गरज पडते. म्हणजे हिशेब जुळतो.

आमच्या घराण्यात हे खातं साडूभाऊंकडे आहे. ते एका कंपनीच्या प्लॅनिंग विभागात आहेत. कंपनीत त्यांचं कोण किती ऐकतं ते माहीत नाही, पण जी काही तूट पडत असेल ती ते नातेवाइकांकडून भरून काढतात. तुळशीची लग्नं उरकली आणि एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "या वेळी धावपळ अजिबात नाही. शनिवार-रविवार नुसतं निवांत पडायचं." संध्याकाळच्या आत व्हॉट्सअॅपवर 'निवांत' नावाचा ग्रुप निघाला. त्यानंतर त्या ग्रुपने आम्हाला धड झोपू दिलं नाही.

पहिला वाद ठिकाणावरून. महाबळेश्वर म्हणावं तर डोंबिवलीहून जायला सहा तास, यायला सहा तास, मधल्या वेळात स्ट्रॉबेरी-क्रीमची रांग. लोणावळ्याला मेव्हणीचा विरोध. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबतात, तिथे काच खाली करून शेजारच्या गाडीत बघितलं की आपल्याच सोसायटीतली माणसं दिसतात, असा तिचा अनुभव. अलिबागचं नाव निघालं तेव्हा सगळे जरा उत्साहात आले. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाडीसकट तासाभरात मांडव्याला पोचवते. पण डोंबिवलीहून भाऊचा धक्का गाठायला दोन तास. समुद्र ओलांडायला एक तास आणि शहर ओलांडायला दोन, हे गणित आत्याला पटेना. "त्यापेक्षा समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांनीच इकडे यावं," ती म्हणाली.

मग नाइलाज म्हणून माथेरान आलं. नाइलाज अशासाठी की नेरळ आमच्यापासून चाळीस किलोमीटरसुद्धा नाही. कर्जत लोकलमध्ये बसायचं, बदलापूर, वांगणी, शेलू आणि उतरायचं. रोजच्या लोकलने सुट्टीला जाणं म्हणजे शेजारच्या काकूंकडे जेवून त्याला हॉटेलिंग म्हणण्यासारखं. लोकलच्या पासावर जो प्रवास निम्मा होतो त्याला 'ट्रिप' म्हणायला मध्यमवर्गीय मन धजावत नाही. पण माथेरानचा एक गुण कोणाला नाकारता आला नाही: तिथे मोटारी नाहीत. दस्तुरी नाक्यावर सगळ्यांच्या गाड्या थांबतात, कितीही लाखांच्या असोत. पुढे पायी, घोड्यावर, शटल गाडीने किंवा अलीकडे आलेल्या ई-रिक्षाने. पूर्वी माणसांनी ओढायच्या हातरिक्षा हाच मोठा आधार होता. त्या बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. बरंच झालं. एकाने चढावर धापा टाकत ओढायचं आणि आत बसलेल्याने "जरा हळू, खड्डे लागतायत" म्हणायचं, हे बघवत नसे.

ज्यांनी ही जागा साहेबांच्या नकाशावर आणली त्या ह्यू मॅलेट यांचा मला फार हेवा वाटतो. ते ठाण्याचे कलेक्टर, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. १८५० साली चौक गावाकडून हा डोंगर चढून वर आले. ना ग्रुप, ना बुकिंग, ना 'किती माणसं व्हेज?' अशी विचारणा. जागा आवडली म्हणून त्यांनी पुढे तिथे घरच बांधलं. सकाळी नऊच्या चेक-आउटवर इतका मूलभूत उपाय त्यानंतर कोणाला सुचलेला नाही.

साडूभाऊंनी मात्र एक्सेल शीट केली. तिच्यात शनिवार सकाळी सहापासून रविवार रात्री नऊपर्यंतचे रकाने होते आणि प्रत्येक रकान्याला रंग. हिरवा म्हणजे प्रवास, निळा म्हणजे जेवण, केशरी म्हणजे पॉइंट. मी बारकाईने शोधलं तेव्हा शनिवारी दुपारी एक फिकट राखाडी पट्टी सापडली. 'विश्रांती, २.१५ ते २.४५ (वेळ उरल्यास).'

"साडूभाऊ, आपण निवांत पडायला चाललोय ना?"

"म्हणूनच तर ठेवलीय!" ते म्हणाले. "मागच्या ट्रिपला ती पट्टीसुद्धा नव्हती."

पॉइंट हे माथेरानचं दुखणं आहे. अडतीस आहेत असं म्हणतात. पॅनोरमा, एको, लुईझा, लॉर्ड, पॉर्क्युपाइन, हनिमून, वन ट्री हिल. साहेबाने आपल्या माणसांची, झाडांची, अगदी साळिंदराचीसुद्धा नावं दिली आणि निघून गेला. आता ती यादी पुरी करण्याची जबाबदारी आपल्यावर. पॉइंट म्हणजे काय, तर डोंगराची कड, एक कठडा, खाली दरी. दरी तीच, धुकं तेच, फक्त पाटी वेगळी. तरीही एक पॉइंट राहिला तर परतीच्या लोकलमध्ये कोणीतरी उसासा टाकून म्हणणारच, "लुईझा राहिला."

बॅगांबद्दल मी एकदाच बोललो. "अगं, एका रात्रीसाठी चार बॅगा?"

"अहो, त्यातली एक खाऊची आहे." खाऊच्या बॅगेत दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. दुसरीत कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, विजेची किटली. हॉटेलचं पॅकेज चहा, नाश्ता आणि दोन्ही जेवणांसकट होतं, याची मी नम्रपणे आठवण करून दिली. "आणि त्यांचं नाही आवडलं तर?" या प्रश्नाला एकाही पॅकेजमध्ये उत्तर नसतं. साडूभाऊंनी मात्र फक्त एक सॅक आणली होती आणि पायात नवेकोरे, पांढरेशुभ्र बूट. माथेरानची माती जांभ्याची, लालभडक. ही गोष्ट शीटमध्ये नव्हती.

शनिवारी पहाटेच्या लोकलमध्ये निम्मे ट्रेकर आणि निम्मे आमच्यासारखे. नेरळला उतरून आम्ही टॉय ट्रेनच्या खिडकीकडे धावलो. ही गाडी आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधली आणि १९०७ साली सुरू झाली. दोन फुटी रूळ, चढ इतका की वीस फुटांमागे एक फूट वर, आणि वीस-एकवीस किलोमीटरला अडीच तासांहून जास्त वेळ. उतरून, झाडामागे जाऊन पुन्हा आपल्याच डब्यात चढता येतं, असं जुनी माणसं सांगतात. २०१९ च्या पावसात मार्ग इतका खचला की पूर्ण गाडी थेट २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा धावली, म्हणजे तिच्या अर्थाने धावली. सगळ्या महाराष्ट्रात घाई न करणारी एवढी एकच गाडी उरलीय, आणि तिचं तिकीट मिळवायला मात्र धावावं लागतं. दिवसाला फेऱ्या मोजक्या, डबे लहान, आणि आमच्या आधीच्या लोकलने आलेली मुंबई खिडकीपुढे वळसे घेऊन उभी.

"शीटमध्ये टॉय ट्रेनचा आनंद दोन तास चाळीस मिनिटं धरलाय," साडूभाऊ हवालदिल होऊन म्हणाले. "आणि वन किस टनेलला फोटो."

"त्या बोगद्यात काय असतं?" आत्याने विचारलं. कोणीच काही बोललं नाही.

शेवटी शेअर टॅक्सी. ती सीट भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरल्यावरही आणखी एक सीट असते असं चालकाचं मत असतं. घाट एवढा उभा की आत्याने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि ती फलश्रुतीला पोचली तेव्हा दस्तुरी आली. तिथे नगरपालिकेचा प्रवेश कर भरायचा आणि घोडेवाल्यांच्या घोळक्यातून वाट काढायची. "बाजारापर्यंत चालत? दीड तास साहेब! वयस्कर माणूस आहे बरोबर." प्रत्यक्षात अंतर अडीच-तीन किलोमीटर, रुळांच्या कडेकडेने रमतगमत पाऊण तास. आत्या आणि बॅगा अमन लॉज स्टेशनवरून शटलने गेल्या, आम्ही चालत. ही पाऊण तासाची वाट म्हणजे साऱ्या सहलीतला सर्वांत सुंदर भाग होता. दाट सावली, कुठे हॉर्न नाही, मधूनच घोड्याच्या टापा. शीटमध्ये तो वेळ 'इतर' या रकान्यात होता.

हॉटेलात पाय ठेवताच मॅनेजरने सांगितलं, "जेवण साडेबाराला, चहा चारला, हाउजी सातला, जेवण साडेआठला, नाश्ता साडेसात ते साडेनऊ." म्हणजे शीटवर आणखी एक शीट. पॅकेजमध्ये धरलेलं जेवण चुकवणं हे आमच्याकडे जवळजवळ पाप आहे. भूक नसताना ताटावर बसलो. साडूभाऊ तर "पैसे भरलेत" म्हणत तिसऱ्यांदा गुलाबजाम घेऊन आले आणि राखाडी पट्टीची वेळ झाली तेव्हा त्यांना श्वास घेणंही जड जात होतं. तरी बरोबर पावणेतीनला दारावर थाप पडली.

दुपारभर आम्ही पॉइंट केले. 'बघितले' असं कोणी म्हणत नाही, 'केले' असंच म्हणतात. एको पॉइंटवर लोक ओरडतात आणि समोरची कडा त्यांना तेच परत ऐकवते. मेव्हणीने "अरे, कठड्यापासून लांब हो!" असं चिरंजिवांना बजावलं आणि ते सगळ्या दरीला ऐकू आलं. शार्लट तलावाशी पिसारनाथाचं देऊळ आहे. ग्रामदैवत, झाडीत दडलेलं, थंडगार. तिथे बसावंसं वाटत होतं, पण तो पॉइंट नसल्यामुळे दहाच मिनिटं मिळाली. लुईझा पॉइंटवर माकडाने चिरंजिवांच्या हातून कणीस काढून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि लिंबू-मीठ नसल्यासारखा चेहरा करून खाल्लं. आमच्या कन्येने हे सगळं मोबाइलवर घेतलं. दरीचा मात्र तिच्याकडे एकही फोटो नाही.

सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन. समोर प्रबळगड, मागे चहा-मॅगीच्या टपऱ्या आणि मध्ये निम्मा ठाणे जिल्हा मोबाइल उंचावून उभा. सूर्य गेल्यावर काहींनी टाळ्या वाजवल्या, जणू त्याने कोणाच्या विनंतीवरून कार्यक्रम केला. मग अंधारात, मोबाइलच्या उजेडात, लाल धुळीतून परत. साडूभाऊंचे बूट एव्हाना वीटभट्टीचा रंग धरून होते. रात्री हिरवळीवर लाउडस्पीकरवरून आकडे पुकारले जात होते, शेजारच्या हॉटेलातही पुकारले जात होते, आणि मेव्हणीने त्यांचा आकडा आमच्या तिकिटावर खोडून लाइन झाल्याचा दावा केला.

आत्या यापैकी कशातच नव्हती. तिने हॉटेलच्या व्हरांड्यातला झोपाळा धरला तो जेवणापुरता सोडला. पण ती डोळे मिटून बसली होती असं कोणी समजू नये. परत आल्यावर आम्हाला कळलं की तिला माथेरानची सगळी खबर लागली होती: शार्लट तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला, सिलिंडर, भाजी, किराणा सगळं दस्तुरीहून घोड्यावर नाहीतर हातगाडीवर येतं म्हणून टोमॅटोही इथे खालच्यापेक्षा महाग, घोड्याला हरभरा किती लागतो, मॅनेजरच्या मुलीचं लग्न कुठे ठरलंय, आणि आचारी मूळचा कोणत्या गावचा. "तुम्ही काय बघितलंत?" तिने विचारलं. आम्ही पॉइंटांची नावं सांगितली. "आणि तिथे काय होतं?" यावर साडूभाऊ म्हणाले, "दरी."

रविवारी पहाटे पॅनोरमाचा सूर्योदय होता. साडूभाऊ गेले. बाकीचे झोपले होते असं मी म्हणेन, कारण दारावर थाप पडली तेव्हा कोणीही कडी काढली नाही. नंतर चिक्की, चपला, मध अशी खरेदी, आणि चिक्की घेताना "नेरळला स्वस्त मिळते" ही चर्चा. परतीच्या लोकलमध्ये साडूभाऊ खिडकीशी डोकं टेकून अंबरनाथपर्यंत घोरत होते. ट्रिपमधली त्यांची सगळ्यात लांब विश्रांती तीच. जागे झाल्यावर म्हणाले, "गार्बेट पॉइंट राहिला. पुढच्या वेळी शुक्रवारी रात्रीच निघू."

तुम्ही जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या वारी जा. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. पूर्ण गाडीच हवी असेल तर दिवाळीनंतर जा आणि नेरळला लवकर पोचा. दस्तुरीपासून चालत जा. पांढरे बूट घरी ठेवा. हॉटेल ठरवताना गरम पाणी आहे का, हे विचारण्याआधी हाउजी आहे का, हे विचारा. पॉइंट एकच करा, कुठलाही. आणि सकाळी नाश्ता साडेनऊला संपतो. संपू द्या, बाजारात वडापाव मिळतो.