पूर्वेला की पश्चिमेला?

डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र नाही असा एक रस्ता दाखवा, अशी पैज कुणी लावली तर लावून घेऊ नये. पोस्टाची पेटी एक वेळ सापडणार नाही. पण स्टीलचे डबे मांडलेलं टेबल, खडूने भाज्या लिहिलेला फळा आणि त्यामागे पदर कमरेला खोचून, चष्मा केसांत रोवून उभ्या असलेल्या काकू सापडणारच. ठाण्याला नौपाड्यात त्या आहेत, कल्याणला टिळक चौकात आहेत. स्टेशनं बदलतात, काकू त्याच.

आमच्या रस्त्यावरच्या काकूंच्या गाळ्यावर कुठल्याशा देवीच्या नावाची पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सगळा रस्ता ‘काकूंकडे’ जातो. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर असेल तेवढंच.

संध्याकाळी सात ते साडेआठ ही त्यांची रणांगणाची वेळ. “पुढचा!” हा शब्द त्या असा उच्चारतात की ज्याचा नंबर नाही तोही एक पाऊल पुढे सरकतो. मोबाइलवर बोलता बोलता बोटाने भाजी दाखवणाऱ्याला “तोंडाने सांगा, बोट काही शिजवलेलं नाहीये,” असं ऐकावं लागतं. फ्लॉवर संपला असेल आणि कुणी “थोडासा तरी?” म्हणालं, तर उत्तर ठरलेलं आहे: “संपलं म्हणजे संपलं. थोडं असतं तर संपलं म्हटलं असतं का?”

उधारीची वही त्या ठेवतात, पण तिच्यात नावं नसतात. नाव विचारत बसायला वेळ कुठे असतो? म्हणून ‘उंच, चष्मा, तिसरा मजला’, ‘छत्री विसरणारा’, ‘बँकवाली, मुलगा दहावीला’ अशा नोंदी असतात. मे महिन्यात ‘बायको माहेरी’ या एकाच वर्णनाचे इतके लोक होतात की त्यांना अ, ब, क लावावं लागतं. पैसे मात्र एकाचेही बुडत नाहीत. आपलं वर्णन पुसलं जावं म्हणून माणसं पगाराच्या दिवशी आधी काकूंकडे येतात आणि मग घरी जातात.

परवा एक नवखा मुलगा आला. पाठीवर लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर नुकतीच भाड्याने घेतलेली खोली. त्याने विचारलं, “काकू, पोळ्या मऊ आहेत ना?” रांग स्तब्ध झाली. काकूंनी चष्मा केसांतून नाकावर उतरवला आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मऊ हवं असेल तर पाव घे. आई कुठे असते?”

“नाशिकला.”

“आज फोन केलास?”

“नाही अजून.”

“कर. आणि ही लसणाची चटणी. हिचे पैसे नाहीत. लगेच खूश होऊ नकोस, उद्यापासून आहेत.”

काकूंची आई गिरणगावात खाणावळ चालवायची. गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. तोवर वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे भांडी गहाण. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेच्या कर्जाचा रस्ता दाखवला. काकूंच्या आईची सही तेव्हा पहिल्यांदा बँकेच्या कागदावर उमटली. ही गोष्ट काकू वर्षातून एकदा, तीही पोळी लाटता लाटता सांगतात आणि शेवटी लाटणं पोळपाटावर आपटून “पुढचा!” म्हणतात.

लग्नानंतर त्या डोंबिवलीला आल्या. यजमान एमआयडीसीतल्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली तशा काकूंनी पाटल्या मोडल्या आणि हा गाळा घेतला. तेव्हा इथे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ याशिवाय शेजार नव्हता. संध्याकाळनंतर रिक्षावाला या बाजूला यायला तयार नसे. सासरची सगळी मंडळी म्हणाली, रानात कोण पोळ्या विकत घेणार? शिवाय तेव्हा पोळी विकत आणणं म्हणजे घरातल्या बाईने हात टेकले असं समजत. काकूंनी वाद घातला नाही. त्या आठवडाभर संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि लोकलमधून उतरणाऱ्या बायका मोजल्या.

“एवढ्या बाया सातला उतरतात,” त्या आजही सांगतात, “मग घरी जाऊन कणीक कोण मळणार? नवरा?”

इथे त्या हसतात. मला वाटतं, दिवसातून एवढंच हसतात. पुढे कणीक मळायची मोठी यंत्रं घ्यायला कर्ज हवं होतं. बँकेच्या साहेबांनी विचारलं, तारण काय? काकू म्हणाल्या, “सात दहाची लोकल.” साहेब स्वतः त्याच गाडीने यायचे. कर्ज मिळालं.

गाडीशी काकूंचं नातं आपल्यासारखं नाही. आपण गाडी पकडतो, त्या गाडीवर तवा तापवतात. सात वाजून गेले आणि रांग लागली नाही की त्या घड्याळाकडे बघत नाहीत. “मुंब्र्याला अडकली वाटतं,” म्हणून गॅस बारीक करतात. मग आपण एम-इंडिकेटर ॲप उघडून बघावं, तर तिथे लोक हेच लिहीत असतात. रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ साली पोहोचली आणि पुढल्याच वर्षी कल्याणला. ती आली म्हणून ही गावं फुगली, हे पुस्तकात वाचायला मिळतं. किती फुगली, ते पोळ्यांच्या संख्येवरून काकू सांगू शकतील. सांगणार मात्र नाहीत, कारण समोरची ऐकत असते.

‘समोरची’ म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या पोळीभाजी केंद्राची मालकीण. काकूंनी गेल्या कित्येक वर्षांत तिचं नाव घेतलेलं नाही. ‘समोर आज गवार दिसते’ हा त्यांच्या दृष्टीने हवामानाचा अंदाज.

तर अशा काकूंना आम्ही एकदा पिक्चर दाखवला. आमच्या सोसायटीत काउबॉयच्या चित्रपटांचं वेड असलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांनी गच्चीवर पडदा लावून ‘जॉनी गिटार’ ठेवला. १९५४ चा, दिग्दर्शक निकोलस रे. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा या चित्रपटावर भारी जीव. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००८ साली तो जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत घातला. गृहस्थांनी हे सगळं आधी अर्धा तास सांगितलं. बटाटेवड्यांची ऑर्डर काकूंकडे होती, त्यामुळे त्या पैसे घ्यायला म्हणून मागे खुर्चीत टेकल्या आणि जवळजवळ शेवटपर्यंत उठल्याच नाहीत.

कथा अशी की व्हिएन्ना नावाची बाई, म्हणजे जोन क्रॉफर्ड, ओसाड माळावर दारूचा आणि जुगाराचा अड्डा थाटून बसली आहे. गिऱ्हाईक नाही, नोकर रिकाम्या टेबलांमागे उभे. पण डोंगरात सुरुंग उडतायत, कारण रेल्वे येणार आहे, आणि ती नेमकी हिच्या दारावरून जाणार आहे. एमा नावाची दुसरी एक बाई आणि गुरांचे मोठे मालक हिला हुसकायला टपलेत.

पहिल्या पाच मिनिटांत मागून आवाज आला, “एवढी माणसं पगारावर आणि गल्ला रिकामा? भाड्याची जागा आहे का स्वतःची?”

“स्वतःची,” गृहस्थ म्हणाले.

“मग निभेल.”

व्हिएन्नाने उद्याच्या गावाची छोटी प्रतिकृती करून ठेवली आहे. ती पडद्यावर आली तशा काकू पुढे झुकल्या.

“स्टेशनच्या पूर्वेला येतो का हिचा गाळा, की पश्चिमेला?”

गच्चीवर हशा पिकला, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. रूळ ओलांडायचे असतील तर निम्मं गिऱ्हाईक पलीकडेच राहतं हे डोंबिवलीत शेंबडं पोरही जाणतं. निकोलस रेने त्याचा विचार केलेला दिसत नाही. त्रुफोनेही नाही.

पुढे गुरांचे मालक ओरडू लागले की रेल्वे आली की बाहेरच्या लोकांचे लोंढे येतील. काकू पुटपुटल्या, “येऊ देत की. लोक आले तर पोळ्या खपतात.” व्हिएन्ना पांढराशुभ्र झगा घालून पियानो वाजवत बसते आणि तिला पकडायला सगळं गाव बंदुका घेऊन आत शिरतं, तो प्रसंग गृहस्थांच्या मते जागतिक सिनेमातला एक मानबिंदू आहे. काकूंचं मत: “धंद्याच्या जागी पांढरं घालू नये.” अड्डा जळू लागला तेव्हा गच्ची अगदी शांत झाली. त्या शांततेत एकच शब्द ऐकू आला. “विमा?”

शेवटी व्हिएन्ना आणि एमा एकमेकींवर गोळ्या झाडतात. काकूंनी मान हलवली. “गोळी कशाला? पंधरा दिवस रेट दोन रुपयांनी उतरवायचा. आपोआप शटर खाली.” नायक नायिकेला जवळ घेतो तोवर त्या खाली चवळी भिजत घालायला गेल्या होत्या. नायकाबद्दल नंतर विचारलं तर म्हणाल्या, “गिटारवाला? हिशेबाला बसवायला हरकत नव्हती.”

गृहस्थ हिरमुसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पोळ्यांबरोबर काकूंचा सल्लाही मिळाला: “अशा बायका बघायला अमेरिकेला कशाला जायचं? कल्याणला कल्पना सरोज आहेत. त्यांच्यावर काढा पिक्चर.” आणि मग रांग खोळंबवून, जे त्या कधी करत नाहीत, काकूंनी ती कथा सांगितली. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली, बाराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी, मुंबईत शिवणकाम, मग कल्याणला फर्निचरचा धंदा, मग वादातला एक प्लॉट घेतला तर जिवावर उठलेले लोक, म्हणून बाईंनी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे डबघाईला आलेली कमानी ट्यूब्ज त्यांनी उभी केली, २०१३ साली पद्मश्री मिळाली. “परवाना काढून,” काकूंनी बोट वर करून पुन्हा सांगितलं. “तुमच्या त्या सिनेमात एकाकडे तरी परवाना होता का?”

काकूंना कडक म्हणावं, तर गेल्या गणपतीतली गोष्ट ऐका. चतुर्थीच्या आदल्या रात्री समोरचीचा सिलिंडर संपला. ऑर्डर मोदकांची, तीही शेकड्यांनी. गॅसवाल्याचा फोन लागेना. काकूंनी पोऱ्याबरोबर आपला जादाचा सिलिंडर रस्ता ओलांडून पाठवला, सोबत चिठ्ठी: ‘परत करताना भरलेला. झाकणासकट.’ सकाळी सिलिंडर परत आला, झाकणासकट, आणि त्यावर केळीच्या पानात एकवीस मोदक. काकूंनी एक फोडून पाहिला, चाखला, बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, “सारणात जायफळ जास्त आहे.” उरलेले वीस त्यांनी कुणाला दिले नाहीत.

सध्या त्यांचं लक्ष मानपाड्याकडे लागलं आहे. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम तिकडे सुरू झालंय. गुडघे कुरकुरतात, मुलगा म्हणतो आता बस कर, आणि काकू मात्र रविवारी मेगाब्लॉकमुळे धंदा थंड असला की रिक्षा करून खांब बघून येतात. एक गाळा हेरून ठेवलाय. “आज स्वस्त आहे. गाडी सुरू झाली की हात लावू देणार नाहीत.”

“पण काकू, ती सुरू कधी होणार?”

“ते सरकार बघेल. तू कॉम्प्युटरवर बघून मला एवढंच सांग, जिना कुठल्या बाजूला उतरणार आहे? आणि तुझ्या सहा पोळ्या बाजूला काढल्यात, आठच्या आत ने. आठ पाचला विकून टाकीन.”