दहा बाय दहातला स्टुडिओ : नवशिक्यांसाठी

घरी गाणी रेकॉर्ड करायची ठरवलं की माणूस आधी माइक बघायला निघतो. तुम्ही तसं करू नका. आधी नळाला पाणी कधी येतं ते बघा. छत्रपती संभाजीनगरात पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या दिवशी गाणं होत नाही, ड्रम भरतात. मधल्या दिवसांत टँकर मागे येताना जी टुणटुण वाजवतो, ती गाण्याच्या पट्टीत कधीच नसते.

आता माइक. दुकानदार कंडेन्सर माइक दाखवेल. त्याला माइक आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, आणि ती मिळाली की गायकाइतकाच शेजारच्या कुकरचाही त्याला लळा लागतो. डायनॅमिक माइक जरा बहिरा असतो. सिडकोत राहणाऱ्याने बहिरेपणा हा गुण समजावा. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासून विकला जाणारा दणकट माइक त्यातलाच. तो तोंडाजवळ धरून गा. ‘प’ आणि ‘भ’ फुटू नयेत म्हणून पॉप फिल्टर लागतो. भरतकामाच्या रिंगवर पातळ पायमोजा ताणलात तरी चालतो, फक्त धुतलेला घ्या.

खोली मात्र विकत घेता येत नाही, आहे तीच वापरायची. ती बहुधा दहा बाय दहा, उंचीही तेवढीच. बांधणाऱ्याला हा आकार सोयीचा, आवाजाला वैऱ्यासारखा. तीन मीटरवर समोरासमोर उभ्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही बाजूंनी तोच. कीबोर्डवर बेस वाजवा, लोखंडी कपाट साथीला बसेल. यावर कोणीतरी अंड्याचे ट्रे चिकटवायला सांगणारच. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला बेसही हलत नाही. पाहुणे तेवढे ऑम्लेट मागतात. गोधड्या टांगा. त्या वरचे सूर पितात, खालच्यांसाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड पट्टे उभे करा. गोधड्या कोणाच्या, हे आधी घरात विचारा.

इतकं केल्यावर आवाज कोरडा पडेल. मग सॉफ्टवेअरमध्ये ‘हॉल’ नावाचं बटण दाबून आपण त्याला ओल देतो. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर. तिथल्या दहाव्या लेण्यात, ‘सुतार की झोपडी’त, दगडात लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या कमानी छताखाली एक स्वर लावून बघा, म्हणजे बटण दाबताना हात जरा कचरेल.

हेडफोन लावल्यावर गाण्याखाली बारीक घुंऽऽ ऐकू आलं तर तंबोरा समजून खूश होऊ नका. ती बहुधा ५० हर्ट्झची वीज आहे, आणि अर्थिंग कच्चं असल्याचा संशय घ्या. इलेक्ट्रिशियन येतो, खड्डा बघतो आणि सांगतो: मीठ-कोळसा आहे, ओल नाही, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतत जा. पिण्याच्या पाण्याची बादली स्टुडिओच्या खड्ड्यात ओतायची हा ठराव घरात मांडताना मी तुमच्या बाजूने नसेन.

भीमगीतं करणाऱ्यांची अडचण याहून मोठी. चौदा एप्रिलची गाणी मार्चअखेर हातावेगळी व्हायला हवीत, आणि तोवर कुलर बाहेर आलेला असतो. कुलर चालू ठेवला तर गाणं जातं, बंद केला तर कोरस.

सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका, ऑडॅसिटी फुकट आहे. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवा. लाल दिवा लागणं म्हणजे दाद नव्हे. सामान कमी आहे म्हणून खंतावू नका. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या गायसबर्गने कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत भोंगा लावून गायिका गौहरजानचं गाणं मेणावर घेतलं. शेवटी ती स्वतःचं नाव सांगायची. तुम्हीही सांगा, पुढे फॉरवर्ड होताना तेवढंच टिकेल.

गाणं घरच्या ग्रुपवर पाठवाल, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दर्जा शाबूत राहतो. काका अंगठा पाठवतील. थोड्या वेळाने विचारतील, व्हिडिओ नाही का?