बालपण : चार क्रेडिट

एम.ए.ला बाल्य आणि तारुण्याचे सिद्धांत शिकायचे म्हणजे पहिला मान रूसोचा. मूल कसं वाढवावं, हे त्याने १७६२ साली 'एमिल' लिहून युरोपला शिकवलं. स्वतःची पाच मुलं, त्याच्याच कबुलीप्रमाणे, त्याआधीच पॅरिसच्या अनाथालयात रवाना झाली होती. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे त्या मानाने सज्जन. निदान घरच्याच तीन पोरांसमोर वही घेऊन बसला. १९६० साली फिलिप आरिएसने जाहीर केलं, की मध्ययुगात बालपण ही कल्पनाच नव्हती. (गृहस्थ नोकरीला फळसंशोधन संस्थेत, इतिहास सुटीच्या दिवशी.) हे सगळं पाठ करणारा आपला विद्यार्थी सत्ताविशीचा, फी वडिलांची, डबा आईचा. तारुण्य नेमकं कधी संपतं, यावर त्याचा प्रबंध चालू आहे. मुदतवाढीचा अर्ज कालच दिला.